पहिली चिमूट

मी एक जुना दगडी खल आहे. दगडाला गोड बोलता येत नाही, तेव्हा मित्रांनो, जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

पाथरवटाने मला एका काळ्या दगडातून कोरलं. पोट खोल, काठ जाड. तेव्हापासून मी एका औषधांच्या दुकानामागच्या खोलीत बसलो आहे. उंचावर एक खिडकी, कोपऱ्यात मुळ्यांची पोती, दोरीवर पूड गाळायचं फडकं. माझ्या पोटात नाना तऱ्हेच्या मुळ्या कुटल्या गेल्या, पण नाव झालं ते अश्वगंधेच्या पुडीचं. कामाने पिचलेली, झोप उडालेली, काळजीने वाळलेली माणसं ती न्यायला येत. "तुमच्या पुडीने उभा राहिलो," असं कुणी म्हटलं की बाहेर म्हातारे दुकानदार खूश होत आणि आत मी. खोटं कशाला बोलू, मला त्या कौतुकाची चटक लागली होती.

कुटायचं काम दुकानदारांच्या थोरल्या सुनेकडे होतं. त्या घरची एक रीत होती. नवी पूड झाली की पहिली चिमूट कुटणाऱ्याने स्वतःच्या जिभेवर ठेवायची. कडवट, उग्र चव नीट लागली तर मुळी चांगली. नाहीतर सगळी पूड फेकून द्यायची. सोळा वर्षं तिने ती चिमूट चाखली. तोंड वाकडं करून मला म्हणायची, "तुझं बरं आहे बाबा, तुला जीभच नाही."

मग बत्त्याचा ठेका बिघडला. पूर्वी ती एका दमात शंभर घाव घालायची. आता वीस झाले की थांबायची आणि माझ्या काठावर हात टेकून धापा टाकायची. त्या हाताची नखं पांढरीफटक पडली होती. इतक्या जवळून ती माझ्याशिवाय कुणी पाहिली नाहीत.

एकदा ती दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "मामंजी, जरा माझी नाडी बघता का? चार पायऱ्या चढले तरी डोळ्यांपुढे अंधारी येते."

बाहेर गिऱ्हाइकं होती. म्हातारे हसले. "अगं, चिमूटभर पुडीसाठी लोक इथे रांग लावतात, आणि तुझ्या तर ती रोज पोटात जाते. तुला काय धाड भरलीय?"

गिऱ्हाइकंही हसली. तीही कसनुसं हसली आणि परत माझ्यापुढे येऊन बसली. मित्रांनो, म्हातारे दुष्ट नव्हते. अनोळखी माणसाची नाडी ते डोळे मिटून कितीतरी वेळ बघत. त्यांचा त्या पुडीवर विश्वास होता, एवढंच.

तिने पुन्हा विचारलं नाही. दोन महिन्यांनी, भर दुपारी, बत्ता तिच्या हातून सुटला आणि ती माझ्यावरच कोसळली. माझा काठ तिच्या कपाळाला लागला, त्याची मला अजून शरम वाटते. तिला उचलून नेलं, ती परत आली नाही. अंगात रक्तच उरलं नव्हतं, वेळेवर तपासलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे मी घरच्यांच्या बोलण्यातून ऐकलं.

काही दिवसांनी म्हातारे आत आले. माझ्या तळाशी राहिलेली तिची पूड त्यांनी चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली आणि ढसाढसा रडले. मला वाटलं, आता यांना कळलं. डोळे पुसून ते मुलाला म्हणाले, "मुळ्यांतच दम नव्हता रे. यापुढे दुसरीकडून आणायच्या." जुनी पोती गेली, नवी आली.

आता माझ्यापुढे धाकटी सून बसते. पहिली चिमूट तीच चाखते. परवापासून तीही मध्येच थांबते आणि माझ्या काठावर हात टेकते.

मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते. शक्तीची पुडी न्यायला कधी आलात, तर मागच्या दाराशी थांबा आणि विचारा, "काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?" ती हसून हो म्हणेल. तेव्हा तिची नखं बघा.