दाराशी काय घालायचं

आइलीने स्वतःच्या हाताने विणलेली चिंध्यांची सतरंजी तीस वर्षं त्यांच्या दाराशी होती. ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडला त्या दिवशी, तिचा नवरा तौनो त्या सतरंजीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. ऑपरेशन झालं. तो घरी यायच्या आदल्या दिवशी मुलगी रित्वा कायानी शहरातून आली, घरातल्या सगळ्या सतरंज्या तिने गुंडाळल्या आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीत नेऊन टाकल्या. आई नुसती बघत राहिली.

तेव्हापासून नगरपालिकेची नर्स मार्युत दिवसातून तीनदा यायची. आमच्या या बर्फाच्या मुलखात बूट घालून कोणी घरात शिरत नाही. मार्युत दाराशी बूट काढायची, त्यांच्यावरचा बर्फ उघड्या फरशीवर वितळायचा आणि त्याच पाण्यात पाय टाकून तिला आत यावं लागायचं. तौनोच्या पलंगापर्यंत ओल्या मोज्यांचे ठसे उमटायचे.

जानेवारीत एकदा आइलीने विचारलंच. "अगं, दिवसभर अशीच फिरतेस?"

"चालायचंच, आजी. तुमचं सहावं घर. पुढच्या घरी जाईस्तोवर गाडीत मोजे निम्मे वाळतात."

आइलीने त्याच दिवशी रित्वाला फोन लावला. "शनिवारी ये. दाराशी घालायला काहीतरी घ्यायचंय."

रित्वा म्हणाली, "आई, बाबांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काय बजावलंय? एकही सतरंजी नको."

"त्याच्यासाठी नाही घेत. तो कुठे दारापर्यंत येतो? पलंग आणि संडास, एवढंच त्याचं जग. त्या पोरीसाठी घेतेय."

गावातल्या दुकानात रित्वाने आल्या आल्या जाळीचं रबरी पायपुसणं उचललं. आइलीने बूट काढले आणि मोज्यांनिशी त्याच्यावर उभी राहिली. "टोचतंय." काथ्याचं त्याहून टोचलं. लोकरीचं मऊ होतं, पण त्याची पायात अडकेल अशी जाड कड बघून तीच मागे सरली. मग ती बाहेर गेली आणि टोपीत बर्फ भरून घेऊन आली.

दुकानदार धावत आला. "मावशी, बर्फ विकायला आणलात की काय?"

"विकत नाही, फुकट देतेय," म्हणून तिने एका काळ्या, बसक्या, रेघारेघांच्या पायपुसण्यावर तो ओतला. "थांबा आता पाच मिनिटं."

दुकानदार खरंच थांबला. पाणी रेघांमध्ये उतरलं, वर आलं नाही. कडेला वॉकर अडेल का, असं रित्वाने विचारल्यावर त्यानेच सामानाची ढकलगाडी आणून कडेवरून दोनदा फिरवली. चाक कुठेही अडलं नाही.

"बस की हेच," रित्वा म्हणाली.

"हे बुटांना. मोज्यांना कोरडं काहीतरी नको?" आइलीने सुती सतरंजीचा एक अरुंद पट्टा हातात घेतला. रित्वाचा चेहरा उतरला. आइली तिच्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याच सतरंजीवरून पडला तो. माहीत आहे मला."

"मी कधी म्हटलं तसं?"

"म्हटलं नाहीस. गुंडाळून ठेवलीस."

रित्वाने शेजारच्या फळीवरची, सतरंजीखाली घालायची चिकट जाळी काढली आणि आईच्या टोपलीत टाकली.

घरी दोघी गुडघ्यांवर बसून ती जाळी कापत होत्या, तेवढ्यात मागून वॉकरचा आवाज आला. तौनो पलंगावरून उठून थेट दारापर्यंत आला होता.

"काय चाललंय? केव्हाची कुजबुज ऐकतोय," तो म्हणाला. मग खाली बघून, "काळं कशाला आणलंत? भिकार दिसतंय. आधीची कुठे गेली?"

"आधीचीने तुला पाडलं," आइली म्हणाली.

तौनो वॉकरच्या मुठी चोळत राहिला. "तिने नाही पाडलं," तो शेवटी म्हणाला. "हातमोजे घरात विसरलो होतो. तू शेजारी गेली होतीस. म्हटलं, कोण बघतंय, म्हणून बूट घालूनच आत शिरलो. बर्फासकट."

"पण मी आले तेव्हा तुझ्या पायात बूट नव्हते!"

"ढगळ होते. पडल्या पडल्या दातओठ खाऊन आधी ते काढले."

"मोडलेल्या खुब्याने?"

"तू बुटांवरून केवढं बोलतेस, ठाऊक नाही का मला?"

आइली उठून उभी राहिली. "तीन महिने! तीन महिने मी स्वतःला खातेय, आणि हा मेला पलंगावर पडून..." एकदा सुरू झाली ती थांबेचना. रित्वा तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकली होती. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नसावं. तौनो निमूटपणे स्वयंपाकघरात गेला आणि ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा तिथल्या खुर्चीत बसला. आइली बोलत बोलतच मागोमाग गेली आणि त्याच्यापुढे कॉफी आदळली.

दुपारी मार्युत आली. काळ्यावर बूट, पट्ट्यावर पाय, आणि कोरड्या मोज्यांनी ती आत आली. पलंग रिकामा बघून दचकली, मग स्वयंपाकघरात डोकावली.

"आजोबा, इथवर चालत आलात? लिहायला हवं मला. किती पावलं झाली?"

"मोजली नाहीत," तौनो म्हणाला. "शिव्या खात होतो."