प्लास्टिकवरचं लाकूड

सासऱ्यांच्या नजरेचा नेमका मधला भाग गेला. कडेकडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं धूसर व्हायचं. आहे तेवढी टिकेल, गेलेली काही यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उभा जन्म विमानांची इंजिनं उघडून परत बसवण्यात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर विमानांच्या छोट्या प्रतिकृती करण्यात रमला होता. खिडकीपाशी त्यांच्या टेबलावर एक जुनं दुपंखी विमान अर्धवट पडलं होतं. पंख रंगवून झाले होते, धड मात्र नुसतं राखाडी प्लास्टिक. मूळ विमानाचं धड प्लायवूडचं. ते लाकूड प्लास्टिकवर उतरवायचं राहिलं, आणि डोळ्यांनी दगा दिला.

सून कृत्रिम दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. नवा दात शेजारच्या दातांशी मिळून येईल अशी छटा त्याला देणं, हे तिचं रोजचं काम. सासऱ्यांशी तिचं भांडण नव्हतं, तसं बोलणंही नव्हतं. "बाबा, जेवायला वाढलंय" आणि "हो, आलो", एवढ्यावर दिवस निघायचे. घरात आवाज नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, अशी तिच्या नवऱ्याची समजूत होती.

एका रविवारी सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझा हात स्थिर आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतोय. दात रंगवतेस ना? मग ये जरा इकडे."

ती हात पुसत गेली. त्यांनी सांगितलं तसा तिने धडावर फिकट पिवळसर रंगाचा हात दिला. तो पुरता वाळल्यावर पुढच्या रविवारी त्यावर तपकिरी तैलरंग लावला आणि ब्रशने रेषा ओढल्या. मग जरा मागे सरकून पाहिलं.

"कसं दिसतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"खरं सांगू? लाकूड कुठलं, वाघाचं कातडं पांघरल्यासारखं दिसतंय."

सासरे खो खो हसले. आतल्या खोलीतून नवरा काय झालं ते बघायला बाहेर आला.

"पुसून टाक," सासरे म्हणाले. "रंगाने रेषा काढायच्या नसतात. रंग पातळ लावायचा, आणि कोरड्या राठ ब्रशने तो ओढून काढायचा. मागे जे उरेल ते लाकूड."

तिने तसं केलं. ब्रश एका दिशेने, न थांबता. मागे बारीक, जराशा वाकड्या रेषा उरल्या. धड एकसंध दिसू नये, प्लायवूडचे तुकडे वेगवेगळे कळावेत, म्हणून शेजारचे भाग चिकटपट्टीने झाकून एकेक तुकडा रंगवायचा होता. सगळ्यांना एकच तपकिरी वापर, असं सासरे म्हणाले. तिने नकारार्थी मान हलवली.

"शेजारचे दोन दात कधी एकसारखे नसतात, बाबा. एकसारखे केले की लगेच खोटे वाटतात. इथे एक तुकडा लालसर घेते, एक मातकट."

सासऱ्यांनी मान वळवून नजरेच्या कडेने धड न्याहाळलं. मग म्हणाले, "घे."

शेवटी तिने सगळ्यावर पारदर्शक नारिंगी व्हार्निशचा हात दिला. वेगवेगळे तुकडे एका उबदार रंगाखाली एकत्र आले, आणि प्लास्टिक दिसेनासं झालं. बोटाने टिचकी मारेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

प्रतिकृती करणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं, सासरे त्याचे सभासद; मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात त्या विमानाला पहिलं बक्षीस मिळालं. ती कामावरून थेट तिकडे पोचली. टेबलाभोवती घोळका होता. विमानापुढच्या पाटीवर एकट्या सासऱ्यांचं नाव होतं.

"अशा नजरेने हे काम? कमाल आहे तुमची!" कुणीतरी म्हणालं.

"हाताला सवय असते," सासरे म्हणाले.

ती त्यांच्या पाठीमागेच उभी होती. आल्या पावली परत फिरली.

त्या रात्री जेवायला वाढलं असल्याचं तिने नवऱ्याकरवी कळवलं.

"अगं, म्हातारपणी मन राहिलं त्यांचं," नवरा म्हणाला. "सोडून दे ना."

"मागितलं असतं तर दिलं असतं मी. न विचारता नेलं."



नंतर एका दुपारी सासरे कुणाला न सांगता एकटेच बस पकडून मंडळाच्या कार्यालयात गेले. परत आले ते घामाघूम होऊन. गुडघ्यावर पँट फाटली होती. ती नुकतीच कामावरून आली होती.

"बक्षीस परत देऊन आलो," ते म्हणाले. "म्हटलं, पाटीवर सुनेचंही नाव घाला. तर म्हणे, दोघांनी केलेलं विमान या स्पर्धेत बसतच नाही. मग ठेवा म्हटलं तुमच्याकडेच."

"पडलात कुठे?"

"पायरी चुकली. तू ऐकून तर घे. प्रदर्शनात सगळे भोवती जमले ना, तेव्हा क्षणभर वाटलं, मला दिसतंय. म्हणून बोलून गेलो."

तिने जखम धुतली, औषध लावलं.

"परत कशाला दिलंत?" ती म्हणाली. "पंख तर तुमचेच होते."

तिचा राग काही लगेच गेला नाही. पण महिनाभराने ती स्वतःच एका नवीन विमानाच्या सुट्या भागांचा संच विकत घेऊन आली आणि तिने जेवणाच्या टेबलाचं एक टोक अडवलं. सासरे शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि न विचारता सल्ले द्यायचे. निम्मे ती ऐकायची. इतक्या लहान विमानावर लाकडाच्या रेषा जेमतेमच दिसायला हव्यात, यावर ती अडून बसली. ठळक काढ, सासऱ्यांनी परोपरीने सांगितलं. तिने फिक्याच ठेवल्या.

पुढच्या प्रदर्शनात पाटीवर तिचं नाव होतं. बक्षीस मिळालं नाही. लाकूड नीट उठून दिसत नाही, असा परीक्षकांनी शेरा मारला. सासऱ्यांनी तो तिला मोठ्याने वाचायला लावला, आणि घर येईपर्यंत दोघांनी मिळून परीक्षकांचा यथेच्छ उद्धार केला. गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला मध्ये एक शब्द बोलायला जागा मिळाली नाही.