पदराची ऊब

"डोला चोलू नको गो, इकडं ये," म्हणत मालू पदराचा बोळा करायची, त्यात फुंकर घालून ती ऊब लेकीच्या डोळ्यावर ठेवायची.

आता बांधकामांच्या धुळीने मालूचेच डोळे खाजून लाल होतात, आणि लेक हेतल पनवेलच्या प्रयोगशाळेत त्याच खाजेचं औषध काचेच्या बशीतल्या पेशींवर तपासते. गेल्या महिन्यात औषधाने खाज उठवणाऱ्या पेशी निजवल्या. पण शेजारच्या बशीतल्या, डोळ्याच्या नाजूक पडद्याच्या पेशीही मेल्या. घरी मात्र हेतल "थेंब येतील" एवढंच म्हणत राहिली.

"तुजे थेंब कदी येतील गो? आख्ख्या आळीला सांगून ठेवलंय मी!"

हेतलने आईच्याच पदराचा बोळा केला, फुंकर घातली आणि तिच्या डोळ्यावर धरला.

"आये, नाय येनार. त्या औषधानं डोलाच जलतो."