कोपरे झाकणारा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला धार आहे. माझी सुरुवात माजरीला एका खाणकामगाराच्या छपरावर झाली. एका वादळात खिळे उपटून मी उडालो आणि खाली बांधलेल्या बकरीच्या मानेवर उतरलो. ती ओरडलीही नाही. मालकाने मला शिव्या घालत भंगारात फेकलं. आपल्या हातून फक्त मारणंच व्हायचं, असं मी धरून चाललो.

भंगारातून मला मीराबाईने आणलं. तिला कोंबडीची पिल्लं वाढवायची होती. तिचे यजमान बापूराव यांनी छिन्नीने मला लांब फाडलं, हातोडीने वाकवलं आणि माझी टोकं तारेने बांधून कडं केलं. फाडताना मी त्यांचा तळवा कापला. रक्त चोळत ते चिडले.

"गोलच काऊन पायजे? खोलीले चार भिती हायेत ना."

"कोपरा दिसला का पिल्लं त्यात घुसतेत," मीराबाई म्हणाली. "भेली का एकावर एक चढतेत. खालचे मरतेत."

बापूरावांनी तोंड वाकडं केलं आणि कडं पुरं केलं. बायकोचं खूळ म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

घरकुलाच्या एकुलत्या खोलीत मला ठेवलं. आत धानाचा कोंडा पसरला, वर पिवळा बल्ब टांगला. एका दिवसाची पिल्लं माझ्या पोटात चिवचिवू लागली आणि मला पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला.

तो फार टिकला नाही. पहिल्या खेपेला घूस आली. माझ्यावरून उडी मारून तिने पिल्लांच्या माना तोडल्या. मीराबाईने मुसळाने तिला माझ्या अंगावरच चेचलं. दुसऱ्या खेपेला मोरीतून धामण शिरली. तिला मारून पोट फाडलं तेव्हा पिल्लं आत सापडली, ओली आणि मेलेली.

तिसऱ्या खेपेला मीराबाईने सांगून टाकलं, "हे बी मेले तर मी बायांसंगं तेलंगणात जाईन, मिरची तोडाले." मागच्या साली ती गेली होती, तेव्हा तिची धाकटी हर्षा रडून रडून तापाने फणफणली होती. म्हणून तिने मोरी बुजवली, दारात मुसळ ठेवलं. पिल्लांना पंख फुटू लागले. शेजारणी येऊन माझ्या गोलाईवरून हात फिरवायच्या. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

मग गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आली. घरोघरी पाहुणे, मैदानात दंडारीचं लोकनाट्य, फटाके. मीराबाई हर्षाला घेऊन बहिणीला आणायला बसथांब्यावर गेली. तेवढ्यात शेजारचा मुखरू दारात आला.

"भाऊ, हवेनं चूल पेटून नाई राह्यली. मटन तसंच हाय. पत्रा देता का आडोशाले?"

मंडईच्या दिवशी आमच्या गावात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. बापूरावांनी माझी तार सोडली. "ने. पिल्लं चार भिती सोडून जातीन कुठी?"

मी मुखरूच्या चुलीपुढे जळत उभा होतो. संध्याकाळी मैदानात फटाक्यांची माळ लागली. आमच्या घरातून आधी मोठा चिवचिवाट आला. मग तो कमी कमी होत गेला. मी पत्रा, मला पाय नाहीत.

मीराबाई परतली तेव्हा बापूराव मला घेऊन दारात पोचतच होते. खोलीच्या कोपऱ्यात पिल्लांचा ढीग होता. तिने वरची पिल्लं बाजूला केली, ती धडपडत उठली. खालची चपटी झाली होती, अजून गरम होती. मीराबाई एकेक उचलत गेली. मग तिने मुसळ घेतलं. ते बापूरावांच्या डोक्याकडे गेलं, अर्ध्यात वळलं आणि माझ्यावर बसलं. मला खोल पोचा पडला.

"मले जा लागते आता," ती एवढंच म्हणाली.

मीराबाईला घेऊन मिरचीची जीप निघाली तेव्हा हर्षा मागे धावली आणि पडली. तिचे गुडघे फुटले. जीप थांबली नाही.

त्या दिवशी बापूरावांनी माझा पोचा ठोकून काढायला घेतला. हातोडी अंगठ्यावर बसली, रक्त आलं, तरी ते ठोकत राहिले. पोचा पुरता गेला नाही, तिथे कोपऱ्यासारखी खाच राहिली. आता वाचलेली मूठभर पिल्लं माझ्या आत आहेत. कुठे मोठा आवाज झाला की बापूराव धावत येतात आणि त्या पोच्यात आपला तळवा आडवा धरून बसतात. मी कापलेलाच तो तळवा आहे. हर्षा शेजारी बसून विचारते, "आई कधी येते?"

मित्रांनो, एखादी वस्तू जागेवरून उचलण्याआधी ती तिथे का ठेवली आहे, हे ठेवणाऱ्याला विचारा. त्याने सांगितलं असेल, तर ऐका.