आधी बॉनेट गार होऊ द्या

मी कोरेगावची हायब्रीड बोलतेय. हसलात? हसा. मला बघून कोंबडीसुद्धा हसते.

जन्मले तेव्हा मी साधी, गोरीपान, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी होते. दोघा मालकांनी पळवली, तिसऱ्यानं दमवली. चौथे भेटले लालासाहेब. पेट्रोलचा भाव ऐकून त्यांना घेरी यायची. मग साताऱ्याच्या एका गॅरेजात त्यांनी माझं पोट उघडून आत एका म्हाताऱ्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. तेव्हापासून मी दिसते मोटार आणि बोलते ट्रॅक्टर. गावानं संकरित ज्वारीवरून नाव ठेवलं, हायब्रीड. शाळूची चव नाही, पण पोट भरतंय! शाळेत मी गेले ती फाटकापर्यंतच, लालासाहेबांच्या पोरांना सोडायला. तेवढ्या शिक्षणावर बोलतेय, सांभाळून घ्या.

माझ्या किल्लीला लालासाहेबांनी त्यांच्या मेलेल्या बैलाचं घुंगरू बांधलं होतं. सकाळी काचेवर थाप मारून म्हणायचे, "चल गं बये!" मी मुद्दाम खोकायची. ते शिव्या द्यायचे आणि मग धोतराच्या सोग्यानं काच पुसायचे. असा आमचा संसार.

शहाण्णव साली त्यांची नजर अधू झाली. एकदा मला कडब्याच्या गंजीत घातलं आणि वर गंजीलाच हॉर्न दिला. त्यांची बायको बयाबाई म्हणाली, "आवं, आता ही तरी ठिवा, न्हाईतर मला तरी!" लालासाहेब जरा जास्तच वेळ विचार करत बसले. शेवटी मला विकायला काढलं.

पहिला आला विट्याचा महेंद्र रसवंतीवाला. माझ्या तोंडाकडं बघायचं राहिलं बाजूला, त्यानं बॉनेट उघडून इंजिनाला वीत लावली.

"काका, इंजिन चरकाला लावतो. सांगाडा परड्यात टाकू. कोंबड्या तरी बसतील."

लालासाहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "थांब गड्या. अजून एक गिऱ्हाईक येतंय. त्यांनी न्हाई म्हटलं तर ने."

ते गिऱ्हाईक म्हणजे कुंडलच्या राहीबाई. लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करणाऱ्या. आदल्या साली भाड्याचा टेम्पो वाटेत बसला, अक्षता पडल्या तरी भाताचा पत्ता नव्हता. वरपक्ष अजून टोमणे मारत होता. त्यांना पहाटे हटकून उठणारी गाडी हवी होती, बाकी काही नको.

आणि नेमकी मी सकाळी गार पडले की उठायला कुरकुरते! हे घरातलं गुपित. म्हणून लालासाहेबांनी मला चिंचेखाली उभ्या उभ्या धडधडत ठेवलं आणि राहीबाईंची एसटी दिसताच बंद केलं.

राहीबाई आल्या, सोबत गाडी चालवणारा भाऊ ज्योतिबा. माझ्या रंगाचं कौतुक नाही की चाकांना लाथ नाही. बाईंनी तव्याचा अंदाज घ्यावा तसा बॉनेटवर हात ठेवला.

"लालासाहेब, चूल आदीच पेटवून ठिवलीया व्हय?"

"न्हाई वो, उनानं तापली."

"ऊन कुटं हाय? चिंचंखाली हुबी हाय की!"

बयाबाई पदर तोंडाला लावून हसली. राहीबाईंनी पायरीवर बसून भाकरीचं फडकं सोडलं. "गार हू द्या. मग बघू."

"आवं, तुमाला उशीर व्हईल."

"मला घाई लगनाच्या दिवशी असती."

भाकरी झाली, चहा झाला, गावगप्पा झाल्या. महेंद्र पाना हातात घेऊन माझ्याभोवती घिरट्या घालत होता. अखेर राहीबाईंनी परत हात लावला. मी गार.

ज्योतिबानं किल्ली फिरवली. कुर्र... बंद. पुन्हा फिरवली. खोकले, बंद. महेंद्रानं बाह्या सारल्या. रोजचं नखरेल खोकणं मला तेव्हा फार महाग वाटलं. लालासाहेब खिडकीशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "चल गं बये."

उठले की! आणि उठताना सगळा काळा धूर महेंद्राच्या पांढऱ्या पायजम्यावर सोडला. तेवढं माझं मुद्दाम.

राहीबाई खदखदून हसल्या. "खोकली, पण उठली. पहाटं माझं बी असंच हुतंय." मग लालासाहेबांकडं वळल्या, "खोटं का बोलला?"

"तिचं खुराडं हुईल म्हणून भ्यालो."

सौदा ठरला. पण लालासाहेबांनी किल्ली खिशात घातली. "जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत आमच्यात."

बयाबाई उसळली. "मग त्येनी काय शेपटी पिरगाळून चालू करायची?"

लालासाहेब घुंगरू सोडायला बसले. नजर साथ देईना, गाठ सुटेना, आणि कुणी मदत केलेली त्यांना चालेना. अखेर कशीबशी गाठ सोडवून त्यांनी नुसती किल्ली पुढं केली. राहीबाईंनी तिला आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली. झालं, दावं बदललं.

आता मी कुंडलची. अंगाला मसाल्याचा वास, दारांवर हळदीची बोटं. पहाटे खोकते, उठते, आणि आजवर भाताला उशीर झालेला नाही. तुम्हीही जुनी गाडी घ्यायला जाल, तर रंगाला भुलू नका. हात लावा, गार होऊ द्या, भाकरी खा, मग किल्ली फिरवा. आणि बिचारी खोकली तर लगेच तोंड फिरवू नका.

परवा कोरेगावात लग्न होतं. मांडवामागं मी उभी होते. लालासाहेब काठी टेकत, चाचपडत आले. खिशात घुंगरू वाजलं. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि तसेच उभे राहिले. किल्लीशिवाय मी कशी उठणार? पण लोखंड कोमट झालं, एवढं खरं.

तेवढ्यात भाताच्या पातेल्याआडून राहीबाई ओरडल्या, "लालासाहेब, परत तापवून ठिवताय व्हय?"