माघारीचं भाषण

आमच्या कीटकशास्त्रज्ञ मंडळात अध्यक्ष निवडून येत नाही, बसवला जातो. पण नियमावलीत ‘निवडणूक’ असा शब्द छापलेला आहे आणि शिकलेली माणसं छापील शब्दाला घाबरतात. म्हणून अर्ज दोन भरायचे. एक खरा, एक माघारीचा. सभेच्या दिवशी माघारीवाल्यानं उठायचं, ‘ज्येष्ठांच्या अनुभवापुढे नतमस्तक होऊन’ वगैरे वाचायचं, पुष्पगुच्छ घ्यायचा आणि गप्प बसायचं. टाळ्या. चहा. झाली लोकशाही.

यंदा माघारीला मला धरलं होतं.

भाषणाचा कागद घेऊन माझा धाकटा दीरच घरी आला. तो मंडळाचा सचिव. ढेकणांवर काम करतो. मंडळात आम्ही एकमेकांना किड्यांच्या नावानंच ओळखतो, त्यामुळे तो ढेकूण, मी भुंगेरा, आणि गेली कित्येक वर्षं खुर्चीवर बसलेले आमचे सर म्हणजे माशी. अर्थात सरांना तोंडावर माशी म्हणायची कुणाची छाती नाही.

“वहिनी, एकच पान आहे,” दीर ओट्याला टेकून म्हणाला. “मागच्या वेळी वाळवीनं वाचलं तेच. नाव तेवढं बदललंय.”

“वाळवीचं उष्टं मी वाचू?”

“पुढच्या खेपेला उपाध्यक्ष करणार तुम्हाला. सर स्वतः बोललेत.”

“वाळवीलाही बोलले होते. कुठाय आता वाळवी?”

दीर खाली बघत म्हणाला, “चहापान समितीवर.”

माझा नवरा खदखदून हसला. तो दातांचा डॉक्टर. त्याला दातातली कीड सोडून दुसरी कीड कळत नाही, पण माणसं बरोबर कळतात. “अरे, तुझी वहिनी वाचेल असं वाटतं तुला?” त्यानं भावाला विचारलं.

“वाचावंच लागेल, दादा. वहिनींचा प्रबंध सरांकडे झालाय.”

“भाऊजी, प्रबंध झालाय,” मी म्हटलं, “दत्तक नाही गेलेय. ठेवा कागद तिथं.”

आता हे सगळं कशावरून, ते सांगते. मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक लांब खोली आहे. उत्तरेकडून उजेड, कोरडी हवा, डांबराच्या गोळ्यांचा वास. तिथं कपाटं आहेत, कपाटांत काचेच्या झाकणाचे खण, आणि खणांत टाचणीला टोचलेले किडे. मंडळातल्या चार पिढ्यांनी रानोमाळ फिरून गोळा केलेले. कुणी धान्य पोखरणारा किडा बाटलीत घालून आणला की तो नेमका कोण, हे आम्ही त्या खणांशी ताडून सांगतो. खण गेले तर आम्ही कोण? नावापुढं अक्षरं लावलेली माणसं, बस्स.

सरांना त्या खोलीत पाहुण्यांसाठी दालन करायचं होतं. सोफे, गालिचा, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी. त्यातल्या बऱ्याच त्यांच्याच. आणि कपाटं? “तळघरात. तात्पुरती.” नव्या मुदतीची पहिली सही त्याच कागदावर होणार होती. नमुना म्हणून एक कपाट आधीच खाली गेलं होतं.

सभेच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. भाषणाचा कागद पर्समध्ये होता. पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली आणि तळघर उघडलं.

भिंत घामेजलेली होती. डोक्यावरून पाण्याचा नळ गेलेला, त्याच्या सांध्याला चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीखाली बरोबर आमचं कपाट. एक खण ओढला. फुगला होता, सहजी येईना. आला तेव्हा आत काळे कुळकुळीत भुंगेरे पांढरे झाले होते. अंगावर बुरशीची लव. टाचण्यांना हिरवा गंज. एकाचे पाय गळून तळाशी पडले होते, पापण्यांच्या केसांसारखे. दुसरा खण माश्यांचा होता, सरांनी विद्यार्थी असताना पकडलेल्या माश्यांचा. लेबलांवर त्यांचं जुनं, मन लावून काढलेलं अक्षर. ते अक्षरही ओलीनं पसरलं होतं.

मी खण बंद केला. पर्समधला कागद काढला, त्यानं हाताला लागलेली बुरशी पुसली आणि तो तिथंच टाकून वर गेले.

सभागृह भरलं होतं. सचिवानं, म्हणजे दिरानं, गोड आवाजात माझं नाव पुकारलं. व्यासपीठावर पुष्पगुच्छ तयार होता. सर टाळ्यांसाठी हात अर्धवट उचलून बसले होते.

“मी माघार घेत नाही,” मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. सवयीनं. मग ऐकलेलं डोक्यात शिरलं तशा एकेक करून थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “काय म्हणाली?”

“माघार घेत नाही म्हणाले. निवडणूक घ्या. कपाटं ज्या तळघरात जाणार आहेत तिथं आत्ता जाऊन आलेय. गेलेलं कपाट सडलंय. मी निवडून आले तर ते वर येईल आणि बाकीची जागची हलणार नाहीत. माझं भाषण संपलं.”

“भुंगेरा पेटला,” वाळवी पुटपुटला. हॉलभर ऐकू गेलं.

सर हसले. “असू दे, असू दे. घेऊया की निवडणूक. मी काय घाबरतो?”

पण निवडणूक घ्यायची कशी? मतपेटी नाही, मतपत्रिका नाहीत, कधी लागल्याच नव्हत्या. शेवटी पेटी म्हणून वरच्या खोलीतला एक रिकामा खण आणला आणि मतपत्रिका म्हणून किड्यांखाली टोचायची कोरी लेबलं. नखाएवढी. त्यावर ‘माशी’ किंवा ‘भुंगेरा’ लिहायचं. नाइलाजानं का होईना, अखेर भर सभेत सरांची माशी झाली.

आणि इथंच घोळ लक्षात आला. मुंग्यांवाला उभा राहिला. “पण सर, ही तर लेबलं. आपण सगळे एकमेकांचं लेबलावरचं अक्षर ओळखतो.”

“मग?” सर म्हणाले. “एका घरातली माणसं आपण. लपवायचं काय त्यात? आणि मोजायला मी स्वतः बसतो, म्हणजे चूक नको.”

उमेदवारानंच मोजायचं! मी हॉलकडं पाहिलं. सर मंडळाच्या नियतकालिकाचे संपादक. कुणाचा लेख त्यांच्याकडे अडकलेला, कुणाची शिफारस. माणसं नखाएवढ्या कागदाकडं बघत होती, जणू तोच त्यांना चावणार होता.

तेवढ्यात डासवाल्या बाई उठल्या. आमच्यात सगळ्यांत म्हाताऱ्या. सरांना टाचणी धरायला त्यांनीच शिकवलं, म्हणून त्या एकट्याच त्यांना अरे-तुरे करतात.

“अरे, लेबलावर गोळा करणाऱ्याचं नाव नसलं, तर त्या नमुन्याचं काय करायचं?”

“बाई, आत्ता हा विषय...”

“विचारलं ते सांग.”

“टाकून द्यायचा,” सर म्हणाले.

“मग बघ. हे लिहिलं भुंगेरा. आणि हे खाली माझं नाव. अक्षर ओळखत बसायचे कष्ट नकोत तुला, डोळेही आता अधू झालेत तुझे.” त्यांनी लेबल खणात टाकलं, सरांच्या नाकासमोर.

मग मुंग्यांवाला गेला. त्यानं नाव लिहिलं. वाळवीनं तर इतका जोर लावला की लेबल फाटलं, दुसरं मागून घेतलं. कुणी पाठ फिरवून लिहिलं, कुणी रुमालाआड. दिरानं पाठ फिरवून लिहिलं.

मी चार मतांनी हरले.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाहिली. माझ्या प्रत्येक मताखाली नाव होतं. सरांच्या एकाही मताखाली नव्हतं. अक्षरं अर्थात मलाही ओळखता येतात. दिराचा ‘श’ मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. तो माझ्याकडं बघत नव्हता.

“निकोप स्पर्धा झाली,” सर उठून म्हणाले. “या, पुष्पगुच्छ घ्या. रीत आहे.”

“पुष्पगुच्छ माघारीचा असतो, सर. मी हरलेय.”

आणि मी निघाले. घरी नाही, तळघरात. मागं पावलं वाजली, तेव्हा वाटलं समजूत घालायला कुणी येतंय. बघते तर वाळवी, मुंग्यांवाला, आणि कठडा धरत एकेक पायरी उतरणाऱ्या बाई.

“उभे काय राहिलात?” बाई म्हणाल्या. “ओढा खण. आडवे धरा, धक्का लावू नका. पाय गळतात.”

वर सरांचं आभाराचं भाषण चालू होतं. आम्ही एकामागून एक सभागृहात शिरलो, काठोकाठ भरलेलं ताट आणावं तसे खण दोन्ही हातांत धरून. पुष्पगुच्छ बाजूला सारून मी माश्यांचा खण सरांपुढं ठेवला. त्यांनी काचेतून पाहिलं. बुरशी पाहिली, स्वतःचं अक्षर पाहिलं. भाषणातलं वाक्य अर्ध्यावर राहिलं. क्षणभर मला वाटलं, बोलतील काहीतरी माणसासारखं.

“हे सगळं पुन्हा खाली न्या,” ते म्हणाले. “सचिव!”

सचिव व्यासपीठावर नव्हता. तो दारातून येत होता. हातात खण, शर्टाला बुरशी, कान लालबुंद. माझ्याशेजारी येऊन म्हणाला, “वहिनी, सरका जरा. हा शेवटचा.”

टेबलावर जागा संपली होती. मग उरलेले खण मांडीवर घेऊन आम्ही पहिल्या रांगेत बसलो. कुणी घोषणा दिली नाही. चहा आला, कुणी उठलं नाही.

“किती वेळ बसणार आहात असे?” सरांनी विचारलं.

बाईंनी मांडीवरचा खण सारखा केला.

“तुझी मुदत किती रे? दोन वर्षं ना?”