सरळ केलेली पन्हळ

“या, बघा तुमची कारागिरी!” वकीलसाहेबांनी पत्रेवाल्याला थेट आपल्या आईच्या खोलीत नेलं. भिंतीला पोपडे सुटले होते, छताच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं आणि अंथरुणाला खिळलेल्या आजींची खाट ओढून दाराशी आणलेली होती. “पन्हळ बसवून दोन वर्षं नाही झाली. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी, या माणसाला दारात उभं करू नका.”

ते त्याला कळलं होतंच. समोरच्या डॉक्टरीणबाई आणि कोपऱ्यावरचे मास्तर, दोघांनीही ठरलेलं काम नको म्हणून कळवलं होतं. तीस वर्षं तो छपरांच्या कडेला पन्हळी बसवत आला होता. ना दुकान, ना पाटी. लोकांच्या तोंडी नाव होतं, तेवढ्यावर त्याची चूल पेटत होती.

तो शिडी लावून वर चढला. पन्हळ काठोकाठ भरलेली. कुजलेली पानं, काड्या, चिखल, आणि त्यात हातभर वाढलेलं एक रोप! पाणी खाली नेणाऱ्या नळाच्या तोंडावरची जाळी पार गाडली गेली होती. त्याला नवल वाटलं. उतारावरची पानं पाणीच जाळीपर्यंत ढकलत नेतं, तिथून मूठभर उचलली की काम झालं. इथे ती जागच्या जागी बसली होती. मग त्याची नजर पन्हळ पेलणाऱ्या आकड्यांवर गेली. त्याने पाडलेली भोकं पुट्टी भरून बुजवली होती, वर रंग फासला होता. नवी भोकं सगळी एका रेषेत होती.

“साहेब, ही हलवली कोणी?”

“हलवली काय? रंगाऱ्याने सरळ केली. रस्त्यावरून वाकडी दिसायची.”

“वाकडी नव्हती हो, उतार होता तो! दहा हातांना एक बोट. बसवताना सांगितलं होतं की नाही मी?”

“एका बोटाने काय आभाळ कोसळतं?”

“आभाळ नाही, छत कोसळतं! पाण्याला सरळ-वाकडं कळत नाही साहेब, खाली-वर कळतं.” मग चोराच्या उलट्या बोंबा, असंही तो पुटपुटला, पण ऐकू जाईल इतपत मोठ्याने. “मला दुसरं काही नको. डॉक्टरीणबाई आणि मास्तरांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगा.”

“सांगू हो. आधी दुरुस्त तर करा.”

शिडी खांद्यावर टाकून चालतं व्हावं, असं त्याच्या फार मनात आलं. पण आभाळ भरून आलं होतं आणि खिडकीतून आजींचा क्षीण आवाज आला, “बाबा रे, आज तरी कोरडं झोपू दे.” त्याने चिखल उपसला, उतार धरायला सुतळी बांधली आणि एकेक आकडा पुन्हा उतारावर ठोकायला घेतला.

काम संपत आलं तेव्हा डॉक्टरीणबाई फाटकाशी थांबल्या. “आले का हे परत?”

“आले ना,” वकीलसाहेब मोठ्या मनाने हसले. “चूक लक्षात आली त्यांच्या. म्हटलं, करा दुरुस्त. माणूस आहे, चुकायचाच.”

पत्रेवाल्याचं डोकं सणकलं. “खोटं आहे बाई हे! माझी चूक नव्हती! यांनीच पन्हळ सरळ करून घेतली!”

“असू दे हो काका, होतं असं कधी कधी,” बाई समजुतीने म्हणाल्या, थेंब पडू लागले तशी छत्री उघडली आणि समोर आपल्या घरात गेल्या. त्या भांडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने शेवटचा आकडा ठोकला आणि पाऊस कोसळला. पन्हळीतून पाणी झरझर धावत गेलं आणि खाली नळातून धो धो पडू लागलं. “वा! काका, वा! या खाली, चहा घ्या,” वकीलसाहेब व्हरांड्यातून ओरडले.

तो भिजत शिडीवरच उभा राहिला. खाली उतरलं की चूक आपलीच असल्यासारखं त्यांना नमस्कार करून निघावं लागणार होतं.